कुंकवावर ठपका

लढाऊ विमान रडारला दिसू नये म्हणून काय करतात, असं मला अजूनही लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी विचारतं. मी एकेकाळी त्या कामात होते हे घरच्यांनी अभिमानाने गावभर सांगून ठेवलंय. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि जिलबी वाढून घेते. जे सांगत नाही ते असं, की त्या कामाच्या नादात आम्ही पाच-सहा शिकल्यासवरल्या माणसांनी एका म्हाताऱ्या रंगाऱ्याचा हात कागदावर खराब ठरवला, आणि त्या कागदावर पहिली सही माझी आहे. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की माझं डोकं तापतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. मी निपाणीकडची. इंजिनिअरिंग करून बंगलोरला आले आणि एका छोट्या कंपनीत लागले. मोठ्या संस्था विमानांच्या कल्पना आमच्याकडे पाठवायच्या आणि आम्ही त्यांचा अभ्यास करून द्यायचो. विमान उडेल न उडेल, आमचं काम कागदावर आणि लाकडी नमुन्यावर. विमानतळाच्या रस्त्यावरून आत वळलं की आमची दुमजली इमारत, तिच्या मागे पत्र्याची शेड, आणि शेडच्या मागे पार बेळ्ळंदूरच्या तळ्यापर्यंत नाचणीची शेतं. नमुने शेडमध्ये तयार होत. आम्ही वर बसायचो.

लोकांना वाटतं, असं विमान म्हणजे कोण्या अतिहुशार माणसाच्या डोक्यातून उतरलेली वस्तू. कसलं काय! ते भांडणातून तयार होतं. दर सोमवारी सगळी खाती एका टेबलाभोवती बसत, आणि त्या बैठकीला आम्ही बाजार म्हणायचो. इंधनवाल्यांना टाकीला जागा हवी. वजनवाल्यांना सगळंच हलकं हवं. इंजिनवाल्यांना भरपूर आणि एकसारखी हवा हवी. आणि आम्हाला, म्हणजे विमान रडारपासून लपवणाऱ्यांना, या सगळ्यांनी अंग चोरून बसायला हवं. क्षेपणास्त्रं पंखाखाली टांगली तर रडारला लगेच दिसतात. ती पोटात घ्यावीत तर पोट फुगतं आणि इंधनाची जागा जाते. दुरुस्तीसाठी झाकणं ठेवावीत तर त्यांच्या फटी रडारची लहर परत पाठवतात. झाकणं कमी करावीत तर मेकॅनिकने हात घालायचा कुठून? एकाचं घेतल्याशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. या धंद्याची रीतच ती, आणि माझा राग त्या देवघेवीवर अजिबात नाही.

त्या वर्षी भांडण पेटलं ते हवेच्या बोगद्यावरून. विमानाच्या बाजूला एक तोंड असतं, तिथून हवा आत शिरते आणि बोगद्यातून इंजिनापर्यंत जाते. बोगद्याच्या टोकाला इंजिनाचा पंखा. बोगदा सरळ असला की समोरून आलेली रडारची लहर थेट त्या पंख्यावर आपटते आणि आल्या वाटेने परत जाते, स्टीलच्या ताटावर बॅटरीचा झोत मारावा तशी. बोगदा वाकवला की समोरून पंखा दिसत नाही. लहर भिंतींवर आपटत आपटत आत जाते, आणि भिंतींना लावलेला काळा लेप तिला दर वेळी थोडी थोडी गिळतो. पण वाकडा बोगदा लांब होतो, जड होतो, टाकीची जागा खातो, आणि विमान झटक्यात वळलं की इंजिनाला श्वास नीट मिळत नाही. मी नकाशात बोगदा वाकडा काढला होता. बाजारात तीन खाती एकदम माझ्या अंगावर आली.

आमचे प्रमुख पुण्याचे. बैठकीत इंग्रजी बोलायचे, शेडमध्ये हिंदी, आणि माझ्याकडून काही नको ते करून घ्यायचं असलं की मराठी. ही खूण मला उशिरा कळली. त्या दिवशी बैठक संपल्यावर मला थांबवून म्हणाले, "हे बघ, बोगदा सरळ केला की तीन डिपार्टमेंट खूश होतात. नाराज एकटी तू. आणि तुझ्याकडे तो लेप आहे ना? दोन हात जास्त मारू. पेंटने कव्हर होईल."

"नाही होणार, सर," मी म्हटलं. "बोगदा सरळ असला की लहर भिंतीला लागतच नाही. लेप गिळणार काय?"

"अगं, थोडं ॲडजस्ट कर."

केलं ॲडजस्ट. दोन आठवड्यांनी वजनवाले उठले. त्या लेपात लोखंडाची बारीक भुकटी असते, त्यामुळे तो जड. त्यांना तो निम्मा करून हवा होता. प्रमुखांनी त्यांनाही मान डोलावली. म्हणजे बोगदा सरळ तो सरळच, आणि ज्याच्या जोरावर तो सरळ केला तो लेपही अर्धा. मी दोन पानांचं टिपण लिहून दिलं की हे चालणार नाही. त्यावर 'नोंद घेतली' असा शेरा मारून ते फायलीत गेलं.

हा लेप लावायचे अण्णा. चिकपेटचे, साठीला टेकलेले, काटक अंगाचे. ठेकेदाराकडून रोजंदारीवर यायचे. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. आजोबांनी टांगे रंगवले, वडिलांनी मोटारी, आणि हे विमानाचं नाक रंगवत होते. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, त्यामुळे त्यांच्या मराठीत दर दोन वाक्यांमागे एक कन्नड शब्द असायचा. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला अक्का म्हणायचे. निपाणीची आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग आपल्यातल्याच की तुम्ही."

तो लेप लावणं सोपं काम नव्हतं. भुकटी जड, जरा हात थांबला की तळाला बसते. मग पहिला हात पातळ आणि शेवटचा जाड. अण्णा दर पट्टा मारून झाला की मनगटाला दोन हिसके देऊन फवाऱ्याच्या गनची वाटी हलवायचे. दिवसभर, न चुकता दोन हिसके. लेप वाळला की अंगठ्याचं नख त्यावरून फिरवायचे आणि एखाद्या जागी थांबून म्हणायचे, "इथं स्वल्प जाड झालंय, अक्का." मी जाडी मोजायचं मीटर टेकवायची आणि खरंच तिथे केसभर जास्त असायचं. शेडमधली मुलं म्हणायची, मीटरची तपासणी करायची असली तर अण्णांचा अंगठा आणा. विमानाचा पुढचा भाग, खऱ्या मापाचा, नाक, कॉकपिट आणि एका बाजूचं हवेचं तोंड बोगद्यासकट, त्यांनी एकट्याने रंगवला. मी सगळीकडे मीटर लावून पाहिलं. इतका एकसारखा लेप मी त्याआधी पाहिला नव्हता.

काम संपलं आणि दोन दिवसांनी खंडेनवमी आली. इथे तिला आयुधपूजा म्हणतात, आणि ती बंगलोरकरांनी करावी! त्या दिवशी रिक्षा, बस, शिवणयंत्र, कशाचीही सुटका नसते. सगळ्यांना झेंडू, सगळ्यांना कुंकू, चाकांखाली लिंबं, आणि दारात कोहळा फोडायचा. आमच्याकडे लेथ आणि ड्रिलच्या मशीनला पूजा झाली, वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरच्या कपाळी कुंकू लागलं. मग प्रमुख ताट घेऊन नमुन्यापाशी आले.

अण्णा पुढे झाले. "सर, लेप अजून कच्चा हाय. फुलं ठेवूया की. कुंकू नको."

"अण्णा, देवाला कोण नाही म्हणतं?" असं म्हणून प्रमुखांनी स्वतःच्या हाताने नाकावर पाच बोटं ओढली आणि हवेच्या तोंडाच्या कडेला एक मोठा टिळा लावला. फोटो निघाला. तो फोटो बरेच दिवस सूचनाफलकावर होता. सुट्टीनंतर अण्णांनी मलमलचं फडकं पाण्यात बुडवून, पिळून, ते कुंकू अलगद टिपून काढलं. मी शेजारी उभी होते. थिनर नाही, साबण नाही, नुसतं पाणी. मग त्यांनी त्या जागेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "सरी. काय झालं नाय."

पुढच्या आठवड्यात बोगद्याच्या टोकाला धातूचा पंखा बसवून नमुना शहराबाहेरच्या मोजणीच्या मैदानावर गेला. तिथे फोमच्या उंच खांबावर नमुना ठेवून हळूहळू फिरवतात आणि रडारला तो किती दिसतो ते मोजतात. बाकी सगळ्या बाजूंनी ठीक होतं. समोर आला आणि आलेखावर डोंगर उभा राहिला. लपवलेलं विमान समोरून ढोल वाजवत येत होतं.

लहर किती उशिरा परत आली यावरून ती कुठून आली हे कळतं. विहिरीत हाक मारली की तळाकडून येणारं उत्तर जरा मागून येतं, तसंच हे. मी हिशोब केला. तो डोंगर नाकावरून येत नव्हता, तोंडाच्या कडेवरूनही नाही. तो बोगद्याच्या पार आतून, पंख्यावरून येत होता. मी दोन महिन्यांपूर्वी टिपणात लिहिलं होतं तेच झालं होतं. मी आलेख घेऊन प्रमुखांकडे गेले.

त्यांनी बराच वेळ आलेखाकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. ते माझ्यापेक्षा हुशार इंजिनिअर होते, आणि माझा खरा संताप याचाच आहे. न कळून केलं असतं तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं. त्यांनी उठून दार लावलं आणि मराठीत सुरुवात केली.

"हे असंच गेलं तर पहिला प्रश्न येईल, बोगदा सरळ कोणी केला?"

"येऊ दे की, सर."

"आणि पुढचं प्रोजेक्ट? तुझी नोकरी, माझी नोकरी, खाली शेडमधली एवढी माणसं? विचार कर जरा." मग म्हणाले, "पूजेच्या दिवशी लेपाला हात लागले, हे तर खरं आहे ना?"

"तुमचेच लागले, सर."

ते हसले. चक्क हसले. "मग पुसलं कोणी? हे बघ, नाव कोणाचंच लिहायचं नाही. शक्यता आहे, एवढंच म्हणायचं."

आणि ती शक्यता इंग्रजीतून रिपोर्टात गेली. पूजेनंतर अकुशल हाताने केलेल्या सफाईमुळे लेपाची हानी झाली असण्याची दाट शक्यता आहे, असं ते वाक्य. नाव नव्हतं, खरं आहे. पण त्या शेडमध्ये लेपाला हात लावणारा माणूस एकच होता. बोगदा सरळ करणारे, लेप निम्मा करणारे, कुंकू फासणारे सगळे टेबलाभोवती बसलेले, आणि शिक्षा त्याला, ज्याला त्या टेबलाशी कधी कोणी बोलावलंच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

रिपोर्टच्या पहिल्या पानावर तीन चौकटी असतात. तयार करणार, तपासणार, मंजूर करणार. पहिल्या चौकटीत मी सही केली. कारणं विचाराल तर माझ्यापाशी पुष्कळ आहेत. नोकरी नवी होती, धाकट्या भावाचं शिक्षण माझ्याकडे होतं, माझ्याच्याने दुसरीकडे अर्ज करवत नव्हता. ती सगळी खरी आहेत आणि त्यांपैकी एकाचाही अण्णांशी काही संबंध नाही.

रिपोर्ट गेला तसा चारच दिवसांत ठेकेदाराने अण्णांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी वरच्या खिडकीतून पाहत होते. त्यांनी गन सुटी केली, एकेक भाग धुतला, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. मग पत्र्याच्या भिंतीवरच्या गणपतीला नमस्कार करून निघाले. मी खाली गेले नाही. संध्याकाळी ठेकेदार भेटला तेव्हा विचारलं, काय सांगितलंत त्यांना? तो म्हणाला, "लेप नीट बसला नाही, वरून तक्रार आहे, असं सांगितलं." मी बरं म्हटलं. बरं! काय बरं होतं त्यात, देव जाणे.

राग मग भलत्या वाटेने निघाला. मी धातूची एक प्लेट घेतली, तिच्यावर अण्णांच्याच डब्यातला उरलेला लेप होता. ती मोजली. मग मूठभर कुंकू तिच्यावर थापलं, दोन दिवस ठेवलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि परत मोजली. दोन्ही रेघा एकमेकींवर अशा बसल्या की वेगळ्या काढता येईनात. आलेख प्रमुखांच्या टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "प्लेट म्हणजे विमान नव्हे." आणि फोन उचलला. मी तो आलेख माझ्या खणात ठेवला आणि वर्षभर रोज त्याच्यावर माझा डबा ठेवत राहिले.

पुढच्या वर्षी काम देणाऱ्यांनीच विचारलं, बोगदा वाकवून बघता येईल का? प्रमुख बैठकीत उभे राहिले आणि तोंड वर करून म्हणाले, आम्ही पहिल्यापासून त्याच दिशेने विचार करत होतो. माझाच जुना नकाशा बाहेर आला, फक्त कोपऱ्यातली तारीख बदलून. टाकी लहान झाली, इंजिनवाल्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, वजनवाले चडफडले, आणि सगळ्यांनी मान्य केलं. जे गेल्या वर्षी अशक्य होतं ते यंदा दोन सोमवारांत झालं. मी तेव्हा नुसती दात आवळून बसले होते.

नवा रंगारी आला. त्याने लेपाला ओघळ आणले. मीटर टेकवावं तिथे वेगळा आकडा. आणि पुन्हा खंडेनवमी आली. या वर्षी प्रमुखांनी पूजा जास्तच थाटात केली. माझ्यादेखत म्हणाले, "मागच्या वर्षी काहीतरी कमी पडलं असेल." नाकावर कुंकू, तोंडावर कुंकू, कॉकपिटच्या काचेवर हळद. नव्या रंगाऱ्याने सुट्टीनंतर ते सगळं थिनरने खसाखसा पुसलं. कोणी हूं की चूं केलं नाही. नमुना मैदानावर गेला, समोर फिरला, आणि आलेखावर डोंगर नव्हता. साफ नव्हता. ओघळलेला लेप, थिनर, कुंकू, सगळं असून नव्हता.

नवा रिपोर्ट सहीला माझ्याकडे आला. मी सही केली नाही. म्हटलं, आधी जुना दुरुस्त करा.

दार लागलं. मराठी सुरू झाली. "जाऊ दे गं. झालं गेलं. कोण वाचतंय तो जुना रिपोर्ट?"

"मी वाचते, सर."

"तुझा हट्ट काय आहे नेमका?"

"एक पान. बोगदा सरळ होता म्हणून ते झालं, आणि लेपाचं काम निर्दोष होतं. दोन वाक्यं."

"पहिलं लिहू. दुसरं कशाला?"

तेव्हा मी ओरडले. ऑफिसात पहिल्यांदा आणि शेवटचं. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण बाहेर टायपिंग थांबलं होतं एवढं आठवतं. तीन दिवस नवा रिपोर्ट माझ्या टेबलावर बिनसहीचा पडून राहिला. काम देणाऱ्यांकडून फोन यायला लागले. चौथ्या दिवशी प्रमुखांनी एक पान माझ्यापुढे टाकलं. दोन्ही वाक्यं होती. शिक्का होता. मी त्याची झेरॉक्स काढली आणि मग सही केली.

शनिवारी ती झेरॉक्स आणि अर्धा किलो म्हैसूरपाक घेऊन मी चिकपेटला गेले. खरं सांगायचं तर मी खुशीत होते. लढाई जिंकून निघाल्यासारखी चालत होते. साड्यांच्या दुकानांपुढची गर्दी, डोक्यावर कापडाचे गठ्ठे घेतलेले हमाल, बिजागऱ्या आणि कड्याकोयंड्यांची दुकानं, सगळं ओलांडत, दोन ठिकाणी पत्ता विचारत अण्णांच्या घरी पोचले. एक अरुंद जिना, वर एक खोली आणि मागे स्वयंपाकघर. अण्णांनीच दार उघडलं. डोळ्यांवर जाड काचांचा नवा चष्मा.

"अरे वा, अक्का! या की, बसा." आणि आत वळून बायकोला म्हणाले, "कापी ठेव गं, हापिसातल्या अक्का आल्यात."

मी कागद काढायला पिशवीत हात घातला, पण अण्णांनी मला थांबवलं. "आधी माझं एक काम करा. बरं झालं तुम्हीच आलात." त्यांनी भिंतीशी, कपाटामागे उभे करून ठेवलेले पत्रे बाहेर काढले. हातभर लांबीचे, एकामागून एक. सगळे काळे. जमिनीवर मांडत गेले तशी खोली भरली आणि मला पाय वर घ्यावे लागले.

"ठेकेदार म्हणाला, लेप नीट बसला नाय. मी म्हटलं, असंल. वय झालंय. डोळे तपासून घेतले, चष्मा बदलला. तरी बघावं म्हणून हे मारत गेलो. तुमचा लेप कुठला मिळायला, साधा काळा रंग. पण हात तोच की." त्यांनी एका पत्र्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. "वर्षभर बघतोय, अक्का. मला कुठं चुकतंय ते सापडंना. तुम्हाला बघता येतं. सांगा तेवढं."

मी पत्र्यांकडे पाहिलं. मीटरची गरज नव्हती. एकावरही ओघळ नव्हता.

मी कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नीट धरला, पाहिला आणि परत दिला. "इंग्लिश. तुम्हीच वाचा की."

मी मराठीत सांगायला लागले. पण दुरुस्ती समजायची तर आधी चूक सांगायला हवी, आणि अण्णांना तर रिपोर्ट म्हणून काही होता हेच ठाऊक नव्हतं. त्यामुळे मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. बोगदा, डोंगर, पंखा. मग कुंकू. मग ते वाक्य. इंग्रजीत ते किती सभ्य वाटायचं! अकुशल हात, हे शब्द मी त्या खोलीत, त्या पत्र्यांमध्ये बसून, त्यांच्यासमोर मराठीत उच्चारले. त्यांची बायको कॉफीचे पेले घेऊन दारातच थांबली.

"हे कुणी लिवलं होतं?" त्यांनी विचारलं.

"सही माझी आहे, अण्णा."

त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. मग म्हणाले, "शेवटचं परत वाचा."

"लेपाचं काम निर्दोष होतं."

"म्हणजे हात बरोबर होता?"

"बरोबर होता. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं."

हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले. त्यांची बायको दारातूनच म्हणाली, "ह्यांनी गन विकून टाकली की श्रावणात. हात गेला म्हणाले."

अण्णांनी तिला हाताने गप्प केलं. रागावून नव्हे. ते रागावले असते तर मला कुठेतरी तोंड लपवायला जागा मिळाली असती, मी प्रमुखांना चार शिव्या घातल्या असत्या, आम्ही दोघांनी मिळून घातल्या असत्या. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ते म्हणाले. "मग मला सांगायला वर्ष का लावलं, अक्का?"

आमच्या ऑफिसच्या कोपऱ्यावरून चिकपेटला थेट बस येत होती. वर्षभर मी रोज संध्याकाळी त्याच थांब्यावर उभी राहायचे.